मुक्तीचा प्रसंग
हॉलिवूडच्या त्या नव्या बोलपटात राष्ट्राध्यक्ष गुलामांना मुक्त करतात आणि गुलाम त्यांच्यापुढे गुडघे टेकतात. चित्रीकरणात सगळ्यांनी टेकलेही. पण पडद्यावर बघितलं, तर गुलामाचं काम करणारी म्हातारी टेम्पी ताठ उभी!

"म्हातारे, माझं वाटोळं करतेस?" दिग्दर्शक हार्लन भडकला.

"तुमच्यासमोरच टेकले ना, साहेब? माझ्या गुलाम आईने मात्र मालकाचे फटके खाऊनही गुडघे टेकले नव्हते. ते घ्या की तुमच्या गोष्टीत!"

हार्लनने प्रसंग पुन्हा घेतला, स्वतः तिचे खांदे दाबून तिला खाली बसवलं.

आता पडद्यावर सगळेच उभे होते, थेट त्याच्याकडे बघत. गुडघे फरशीवर टेकल्याचा आवाज मात्र खणखणीत आला.

"मग टेकले कुणी?" हार्लन ओरडला आणि तरातरा उठायला गेला.

त्याला उठता येईना. पडद्यासमोरच्या फरशीवर त्याचेच गुडघे टेकलेले होते.