बंदीतली झोप

मासेमारी बंदी लागली, ट्रॉलर बंदरात उभा राहिला आणि संचिताच्या बाबांची झोपच उडाली. दहा महिने धडधडत्या इंजिनाशेजारी घोरणारा हा तांडेल, बोटीचा प्रमुख, घरात पाल चुकचुकली तरी उठून बसायचा. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही, वर चिडचिड.

"हळू चाल गो, तुझी पैंजणा वाजतत."

"बाबा, मी पैंजणा घालूकच नाय."

नवव्या दुपारी संचिताने युक्ती केली. तांदूळ ओतून घरघंटी चालू केली. तिच्या घरघरीत बाबा पाच मिनिटांत गाढ झोपले. बाकड्यावर टेकलेला त्यांचा खलाशी लवूकाकाही घोरू लागला.

तेवढ्यात लाईट गेली.

बाबा ताडकन उठले. "इंजिन बंद पडला. लवू, नांगर टाक रे!"

लवूकाकाने डोळे न उघडताच विचारलं, "पाणी किती खोल आसा?"