लेकीच्या हातांतून

प्राचार्यांनी बोलणं संपवलं आणि भुवया उंचावून ते आईकडे बघत राहिले. आईला ऐकू येत नव्हतं. सवयीने तिने लेकीच्या हातांकडे पाहिलं. पदवीदानाचा समारंभ नुकताच आटोपला होता. काळ्या झग्यात लेक अशी काही शोभत होती की आईचा ऊर सकाळपासून भरून येत होता. त्याच झग्याच्या बाह्या सावरत लेकीने खुणा केल्या, सर म्हणतात, तुमचं अभिनंदन.

अभिनंदन करून कुणी उत्तराची वाट बघत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

ही लबाडी लेक लहानपणापासून करायची. शाळेत बाई तक्रारींचा पाढा वाचायच्या आणि लेकीच्या हातांतून आईपर्यंत नुसतं कौतुक पोचायचं. बाईंच्या कपाळावरच्या आठ्या आईला काय दिसत नव्हत्या? पण ती गालातल्या गालात हसून सोडून द्यायची. एवढीशी पोर आईच्या वतीने घरमालकाशी, डॉक्टरांशी, आई कामाला होती त्या लॉन्ड्रीतल्या सुपरवायझरशी मोठ्या माणसासारखी वाद घालायची. तिला रागवायचं तरी कोणत्या तोंडाने?

आज मात्र प्राचार्यांच्या ओठांवर आईने त्या दूरच्या शहराचं नाव ओळखलं. तिथल्या प्रयोगशाळेतली नोकरी हुकली, असं लेकीने मागेच सांगितलं होतं. तेव्हा आईने तिची समजूत काढली, आणि आतून स्वतःला हायसं वाटलं. त्याची तिला अजून लाज वाटत होती. आता उलगडा झाला. नोकरी हुकलीच नव्हती. लेकच आईसाठी पाय मागे घेत होती, आणि प्राचार्य आईला विचारत होते, पाठवाल ना हिला?

नुसतं हसून गप्प राहिलं असतं तरी विषय मिटला असता. बहिऱ्या बाईला कुणी बोल लावला नसता. लेक घरी राहिली असती, संध्याकाळी चहा घेत समोर बसली असती, दिवसभराच्या गमती तिने हातवारे करून सांगितल्या असत्या. आईला लेक हवी होती, अगदी जिवापाड हवी होती.

आईने पुढे होऊन लेकीचे दोन्ही हात घट्ट धरले. रोज ढीगभर चादरींना इस्त्री करणारी ती पकड. लेकीने हात सोडवायची धडपड केली, पण सुटेनात.

लहानपणी तापात कान गेले, तेव्हापासून आई चारचौघांत कधी बोलली नव्हती. आवाज घोगरा, वेडावाकडा निघायचा आणि लोक हसायचे. घरी लेकीला हाक मारण्यापुरताच तिने तो ठेवला होता. आता भरल्या दालनात, प्राचार्यांकडे बघत, तिने तोंड उघडलं. आजूबाजूच्या माना वळल्या.

"जाईल ती," आई म्हणाली. "माझं मी बोलेन."