न उमटलेली पट्टी

“खिडक्या लावून घे. अंधार पाहिजे,” रामप्रसाद सर म्हणाले.

सरितानं खिडक्या लावल्या. हिंगोलीच्या कॉलेजातली इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा भर दुपारी काळोखी झाली. टेबलावर काडेपेटीएवढे दोन स्क्रीन तेवढे उजळत राहिले. दाराशी तिचे वडील नरसिंग उभे होते. जवळच्या गोरेगावहून जीप घेऊन आले होते. हातातली किल्ली खिशात ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

दोन्ही स्क्रीन ओएलईडीचे. दोन हजार नऊ सालात ते मोबाईलमध्ये नुकते कुठे दिसू लागले होते. त्यांच्या मागं दिवा नसतो. प्रत्येक ठिपका आपापला उजेड देतो, म्हणून रंग खुलतात आणि काळा अगदी काजळासारखा दिसतो. पण जो ठिपका जास्त जळतो तो लवकर थकतो. मोबाईलवर चित्र सारखं बदलतं, तिथं हे खपून जातं. टेबलावरच्या कॉम्प्युटरची गोष्ट वेगळी. त्याच्या स्क्रीनच्या तळाशी असणारी बटणांची पट्टी सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागची हलत नाही. तेवढेच ठिपके थकतात आणि पट्टीची सावली काचेवर कायमची उमटते. रामप्रसाद सर विद्यापीठातले या विषयातले जाणकार. कॉम्प्युटरच्या मॉनिटरला ओएलईडी कधीच चालणार नाही, असं ते भर चर्चासत्रात ठणकावून सांगत.

नेमक्या त्याच विषयावर पीएच.डी. करायची म्हणून सरिता त्यांच्याकडं गेली होती. सरांनी तिला नाव नोंदवू दिलं, पण वर म्हणाले, “हिंगोलीत बसून हे होत नसतं. पुण्याला जा, बंगलोरला जा.”

सरिताला जायचं नव्हतं. आपण शिकलो त्याच कॉलेजात शिकवायचं, ही नोकरी तिनं हट्टानं मिळवली होती. तिनं सर्किट इथंच बांधलं. कुठला ठिपका किती जळला, हे ते सर्किट ध्यानात ठेवायचं आणि थकलेल्या ठिपक्याला कणभर जास्त करंट द्यायचं. सांगायला सोपं होतं. करता करता उन्हाळे गेले, स्क्रीन जळाले, आणि लोडशेडिंग तर रोजचीच. शेवटी नरसिंग यांनी जीपची जुनी बॅटरी आणून टेबलाखाली ठेवली. “लाईट जाऊ दे न्हाईतर राहू दे,” ते म्हणाले, “तुजं थांबू देऊ नको.”

मग सरांनीच अट घातली. सारखे दोन स्क्रीन घ्यायचे, एक साधा आणि एक तिच्या सर्किटवर चालणारा. दोन्हींवर तीच न हलणारी पट्टी महिनोन्‌महिने ठेवायची. दोन्ही स्क्रीन एकसारख्या डब्यांत बसवून सरांनी सहीचा कागद चिकटवून सील केले होते. सर्किटवरच्या स्क्रीनला डाग पडला तर नोंदणी रद्द. आज ते पाहायला आले होते.

सर वाकले. सील शाबूत आहे ना, हे बोट फिरवून पाहिलं.

“पट्टी काढ. सगळा पांढरा कर.”

सरितानं डावीकडचं बटण दाबलं. स्क्रीन पांढरा झाला आणि तळाशी एक मळकट पट्टी दिसू लागली. पुसून न निघणारी. सरांनी सुस्कारा सोडला.

“मी सांगितलं होतं, सरिता.”

नरसिंग दोन पावलं पुढं आले. “काय झालं, पोरी? सर काहून असं म्हणले?”

“थांबा बाबा, काई बिघडलं न्हाई.” सरितानं त्यांना हातानं थोपवलं. ती सरांकडं वळली. “सर, हा साधा स्क्रीन. हा डागाळायलाच हवा होता. माझा उजवीकडचा.”

तिनं दुसरं बटण दाबलं. पांढरा उजेड या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा पसरला.

सर आणखी वाकले. “लाल कर.”

लाल स्वच्छ होता.

“हिरवा.”

हिरवाही स्वच्छ. सर थांबले. खरी परीक्षा पुढंच होती. निळा सगळ्यांत आधी थकतो. मोठमोठ्या प्रयोगशाळा त्या निळ्याशीच झगडत होत्या. सरितानं बोट बटणावर ठेवलं.

“निळा,” सर हळूच म्हणाले.

सरांच्या चष्म्यावर, गालांवर निळाई चढली. त्यांनी खिशातून भिंग काढलं. तळाची ओळ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिली. पुन्हा पाहिली. पट्टी कुठं होती हेच त्यांना सापडेना. एक ठिपका फिका नव्हता.

त्यांनी भिंग खाली घेतलं. सरिताच्या डोळ्यांत पाणी आलं.

“खरं सांग पोरी,” नरसिंग घाबरून म्हणाले, “जमलं का?”

“जमलं, बाबा. लई बेस जमलं!”

“मंग अंधारात काहून बसून राहिलो आपण?” नरसिंग केवढ्यांदा तरी हसले आणि त्यांनी धडाधड खिडक्या उघडल्या. ऊन आत घुसलं. व्हरांड्यात खोळंबलेल्या तिच्या वर्गातल्या पोरी आत डोकावल्या, मॅडमचा चेहरा पाहिला आणि टाळ्या वाजवत सुटल्या. त्या उन्हातही उजवीकडचा स्क्रीन निळाशार तळपत होता.

गलबला ओसरेपर्यंत रामप्रसाद सर भिंग हातात धरून तसेच उभे होते. मग ते सरिताजवळ आले.

“मॅडम,” ते म्हणाले, “माझ्याकडं दोन हुशार संशोधक आहेत. तुमची हरकत नसेल, तर त्यांना इकडं हिंगोलीला शिकायला पाठवू का?”