पदराची उलटी बाजू

सकाळी वृषालीने पैठण्यांचा ग्रुप उघडला, तर सगळ्यांत वर आईचा फोटो. लग्नातली जांभळी पैठणी नेसून, दोन्ही हातांनी पदर पसरून आई उभी होती. खाली तिने टॅग लावले होते: जांभळी, मोराचा पदर, लग्नातली. आणि शेवटी, नकली.

ग्रुपचे नियम वृषालीचेच होते. पदर पूर्ण दिसलाच पाहिजे आणि मशीनवरच्या साडीला ‘नकली’ टॅग लागलाच पाहिजे. ओळखायची खूणही तिनेच लिहिली होती: हातमागाचा पदर उलट्या बाजूनेही तसाच सुबक दिसतो. कालच एका बाईने तो लावला नाही म्हणून वृषालीने तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "असली चिंधी नेसून मिरवायला लाज कशी वाटत नाही?"

तिने घाईघाईने फोन लावला. "आई, तो टॅग काढ आधी."

"का गं? तू लिहिलंयस तसा पदर उलटा करून बघितला. मागे धागे लोंबतायत. म्हणजे नकलीच ना?"

कालचं ते वाक्य आईनेही वाचलं असणार.

आईने आवाज खाली आणला. "फक्त तुझ्या बाबांना सांगू नकोस हं. त्यांनी हौसेने आणली होती. त्यांना अजून खरीच वाटते."