बोटभर

“बस पुन्हा. आणि या वेळी सगळं वजन टाक,” ईश्वर म्हणाला.

महिपत सायकलवर बसला. एक हात बिल्डिंगच्या भिंतीला, पाय पेडलवर. तोल जाऊ नये म्हणून त्याच्या बायकोने, शेवंतीने मागून सीट धरून ठेवली होती. महिपतचा ऑफिसातला मित्र ईश्वर पुढच्या चाकाशी उकिडवा बसून शॉकपवर डोळे लावून होता. शॉकपच्या वरच्या दांडीला त्याने एक दोरा बांधलेला होता, खालच्या जाड नळीपासून बरोबर बोटभर वर. माणूस बसला की शॉकप दबतो, नळी वर येते आणि दोऱ्याला टेकते. टेकली नाही तर शॉकप कडक. आणि कडक शॉकप घेऊन रोहतांग उतरायचा म्हणजे दगडांचा सगळा मार मनगटांवर घ्यायचा.

नळी वर आली आणि मध्येच थांबली. फट राहिलीच.

“आतलं रबर मेलं,” ईश्वर म्हणाला. “गेल्या वर्षी माळशेजला जाताना हेच माप, हाच दोरा. नुसता बसलास तर टेकला होता. आता खोलून साफ केलं, ग्रीस घातलं, शॉकपची घट्ट-सैल करायची चावी पार ढिली केली, तरी ढिम्म. आणि वर थंडीत रबर आणखी कडक होणार.”

“मग?”

“आतला रबराचा गट्टू कापतो थोडा, म्हणजे दबेल.”

सायकल शेवंतीच्या भावाने जहाजावरून येताना सिंगापूरहून आणलेली. तसा गट्टू मीरा रोडला सोडा, अख्ख्या मुंबईत मिळायचा नाही. पण मनालीला जायची गाडी गुरुवारची होती आणि आज रविवार. ऑफिसातल्या सहाजणांनी वर्षभर रजा साठवल्या होत्या, आणि महिपतने तर घरात नकाशा लावला होता; रोज जेवताना त्याचं मनाली ते रोहतांग चढून व्हायचं. घास इकडे, डोळे घाटात.

तळमजल्यावरच्या किराणा दुकानातून हंसाबेन डोकावली. “महिपतभाई तो एकदम हीरो हो गए. कितने पतले हो गए. हमारे इनको भी सायकल पर बिठाओ ना, पेट अंदर जाएगा.”

महिपत खूष झाला. हल्ली जो तो हेच म्हणायचा. “चढाला हलका माणूस बरा, बेन,” तो म्हणाला आणि पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली तोंडाला लावून त्याने एका दमात संपवली. सकाळपासूनची तिसरी.

शेवंती हसली नाही. सायकलने माणूस बारीक होतो हे तिलाही मान्य होतं, पण त्यासाठी सायकल चालवावी लागते. हा बाबा सबंध वर्षात दोनदा इथल्या इथे काशीमिऱ्यापर्यंत जाऊन आला होता, आणि त्यातही एकदा वडापाव खायला. जेवण पूर्वीसारखंच, किंबहुना चार घास जास्तच. तरी पँट कमरेवर राहत नव्हती. रात्री चार-चारदा उठत होता. तिला भीती वाटत होती, आणि डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर मिळायचं, मनालीहून आल्यावर बघू.

ईश्वरने पान्हा उचलला. “उतर. कापून टाकू.”

“कापू नका, भावोजी,” शेवंती म्हणाली. “जरा थांबा. हे धरा.”

तिने सीट ईश्वरच्या हातात दिली, हंसाबेनच्या दुकानात गेली आणि तांदळाची दहा किलोची पिशवी काखेत मारून आली. महिपतची रिकामी सॅक तिथेच पायरीवर पडली होती. तीत पिशवी कोंबली आणि सॅक नवऱ्यापुढे धरली.

“ही पाठीवर घ्या.”

“आता हे काय?”

“घ्या म्हणते ना.”

“वहिनींचं बरोबर आहे,” ईश्वर म्हणाला. “वर सामान असणारच पाठीवर. भरल्या वजनावर बघू.”

महिपतने पट्टे खांद्यावर चढवले आणि बसला. शेवंतीने पुन्हा सीट धरली. ईश्वर वाकला. नळी सावकाश वर आली आणि दोऱ्याला टेकली.

“बघ,” ईश्वर म्हणाला. “शॉकप ठणठणीत आहे. उगाच कापणार होतो.”

“भावोजी,” शेवंती म्हणाली, “गेल्या वर्षी यांच्या पाठीवर काय होतं?”

“काही नव्हतं की. नुसता बसला होता, मघाशी म्हटलं ना...”

ईश्वरने मान वर करून मित्राकडे पाहिलं. रोज शेजारी बसून डबा खाणाऱ्या मित्राकडे त्याने आजवर असं पाहिलं नव्हतं. मानेभोवती शर्टाची कॉलर किती सैल झाली होती ते त्याला आता दिसलं. त्याने पान्हा हळूच खाली ठेवला.

“उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून घ्यायला जायचं,” शेवंती म्हणाली.

“गुरुवारी गाडी आहे,” महिपत म्हणाला.

“मनाली पुढच्या वर्षीपण तिथेच असेल.” शेवंती म्हणाली.

महिपत वाद घालेल असं तिला वाटलं होतं. हलका माणूस, चढ, व्यायाम, सगळं ऐकून तिला पाठ झालं होतं. पण तो भिंतीला हात लावून, मान खाली घालून दोऱ्याकडे बघत राहिला.

तिने सॅक काढायला हात पुढे केला. त्याने दोन्ही पट्टे एका हाताने छातीशी घट्ट धरले.

“राहू दे जरा,” तो म्हणाला. “बरोबर बसलंय.”