पीचच्या लाकडाची तलवार

कौल पुन्हा पालथाच पडला. अर्धचंद्राच्या आकाराचे दोन्ही लाकडी तुकडे फरशीवर आपटले आणि पाठ वर करून निपचित राहिले. एक पालथा, एक उताणा पडला असता तर ‘हो’. दोन्ही पालथे म्हणजे ‘नाही’. म्हाताऱ्या ग्वातोचा लेक चिनहाय घरी आलेला नव्हता.

गेलेला माणूस सातव्या दिवशी एकदाच घर बघायला येतो, आपल्या घरात जेवतो आणि मार्गाला लागतो. आज चुकला तो कायमचा चुकला, मग उपाशीपोटी किनाऱ्यावर भटकणं आलं. एकुलता एक लेक कालवं काढायला गेला आणि तराफा उलटून बुडाला. आता मेल्यावरही त्याला समुद्राच्याच दारात बसवायचं, हे तिच्या जिवाला सोसवत नव्हतं. उन्हं कलली होती. माशाचं सूप तिने दोनदा गरम करून आणलं होतं आणि ते पुन्हा निवत होतं.

शेजारच्या सियोक म्हातारीची जीभ अशा वेळीही स्वस्थ बसेना. जिवंतपणी तरी हाकेसरशी कधी जेवायला आला होता का, गुत्त्यातून ओढून आणावा लागायचा, असं ती पुटपुटली. ग्वातोने तिच्याकडे अशी नजर टाकली की तिने तोंडात सुपारी टाकली.

देवळातून विधीला आलेल्या ऊ गुरुजींनी लाकडी तुकडे उचलले. त्यांच्याही कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मेलेल्याची वाट अडू नये म्हणून घरातले देव झाकलेत का, असं त्यांनी विचारलं. झाकले होते. सून बीलेनने पहिल्याच दिवशी देवांच्या तोंडावर लाल कागद चिकटवला होता आणि दारावरचा आरसाही उतरवला होता. सकाळपासून ती तागाच्या जाड्याभरड्या सुतकी झग्यात उंबऱ्याशी गुडघे टेकून बसली होती. तिने मान वर केली नव्हती की पाण्याचा घोट घेतला नव्हता. केवढं दुःख करतेय पोर, असं गाव म्हणत होतं.

“काहीतरी त्याला आडवं येतंय,” गुरुजी म्हणाले. “घरात पीचचं लाकूड आहे का कुठे? माझी तलवार मी मुद्दाम देवळात ठेवून आलो. त्या लाकडासमोर मेलेल्याला पाऊल टाकता येत नाही. त्याला आपला कोण, परका कोण, कळत नाही.”

ग्वातोने दाराच्या चौकटीवर पाहिलं. खिळा मोकळा होता. लग्नाच्या वर्षी वाईटसाईट काही घरात शिरू नये म्हणून तिनेच देवळातून पीचच्या लाकडाची छोटीशी तलवार आणून तिथे टांगली होती. तीही बीलेनने उतरवली होती, सगळ्यांच्या देखत. पण उतरवून ठेवली कुठे?

ग्वातोने स्वयंपाकघर धुंडाळलं, माळा पाहिला, तांदळाच्या पिंपात हात घातला. शेवटी ती उंबऱ्याशी आली. चटई बघू दे, ऊठ जरा, असं म्हणत तिने सुनेचा हात धरला. झग्याच्या बाहीत काहीतरी टणक लागलं.

तिने बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत तलवार लाल दोऱ्याने घट्ट आवळून बांधलेली होती. पण तलवार सरळ होती. तिच्याखालचा हातच वाकडा होता.

हिवाळ्यात मोडला होता तो. शिंपल्यांच्या ढिगावरून पडले, असं बीलेनने दवाखान्यात सांगितलं होतं आणि ग्वातोने तेच गावभर सांगितलं होतं. त्या रात्री भिंतीपलीकडे चिनहाय काय करत होता, ते तिला ऐकू आलं होतं. तिने उठून टीव्हीचा आवाज वाढवला होता.

“आई, फक्त आजचा दिवस,” बीलेन अगदी हळू म्हणाली. “उद्या तुम्ही म्हणाल ते करीन.”

गुरुजी पाठमोरे होते. सियोकला तिथून काही दिसत नव्हतं. ग्वातोने नुसतं “सापडली” म्हणायचा अवकाश, दोरा सुटला असता, कौल ‘हो’ पडला असता आणि तिचा लेक आपल्या ताटावर येऊन बसला असता. शब्द तिच्या ओठांवर आला होता. बीलेनच्या हाताचं वाकडं सांधलेलं हाड ग्वातोच्या मुठीत लागत होतं.

“सापडलं का काही?” गुरुजींनी विचारलं.

ग्वातोने बाही खाली ओढली.

“नाही,” ती म्हणाली. “काही नाही.”

मग तिने टेबलावरचं सूप, भात, डुकराचं मटण, दारूचा पेला असं सगळं तबकात भरलं आणि ती उंबरा ओलांडून अंगणात निघाली. सियोकला राहवेना.

“अगं, उंबऱ्याबाहेर वाढतात ते ज्यांना घर नाही त्यांना. पोटच्या पोराला कुणी बाहेर वाढतं का?”

ग्वातोने शिंपल्यांच्या ढिगापाशी तिवई मांडली, तबक ठेवलं आणि गुरुजींना बाहेर यायला सांगितलं. सियोकही मागोमाग आली. बीलेन तेवढी आत राहिली. ग्वातोने दार ओढून घेतलं, कडी घातली आणि लाकडी तुकडे स्वतःच हातात घेतले.

ते वाळूत पडले. एक पालथा, एक उताणा.

गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. ग्वातो तिवईशेजारी खाली बसली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. सुपाचा वाडगा तिने समुद्राच्या बाजूला सरकवला.

“जेव, बाळा,” ती म्हणाली. “दार मी लावलंय.”