सत्यम मांडीवर बसला तेव्हा

“मॅडम, तुमच्या डोक्यात कधी लई वंगाळ विचार येतो का?”

मागच्या बाकावरच्या पोरींनी पैज लावली होती, म्हणून करिष्मानं विचारलं. दहावीचा अख्खा वर्ग खिदळला. मनाच्या आजारांवर बोलायला केजहून आलेल्या डॉक्टर मॅडम मात्र हसल्या नाहीत.

“येतो की. परवा गच्चीवर भाची कडेवर होती. मनात आलं, हिला खाली टाकलं तर?”

करिष्मा अजून उभीच होती.

“मग?”

“मग काय! विचार आला, गेला. भाची कडेवरच.”

करिष्मा खाली बसायची विसरली. एवढी शिकलेली बाई, आणि हिच्याही डोक्यात तेच!

तिच्या डोक्यात कोयता यायचा. घरातला, ऊसतोडीचा. तो आपल्याच हातात, आणि समोर धाकटा भाऊ सत्यम. मग ती मनातल्या मनात ‘देवा नको, देवा नको’ म्हणत सुटायची. जीव हलका व्हायचा, की पुन्हा तेच. म्हणून ती सत्यमला शिवतच नव्हती. यंदा आई-पप्पा तोडीला निघाले की त्याला तिच्यापाशी आणि आजीपाशी ठेवणार होते. तिनं तोंडावर सांगितलं, “मला नको त्यो.” म्हणजे आता ते चिमणं पोर उसाच्या फडात, थंडीत पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहणार. आईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

तास संपल्यावर तिनं मॅडमना सगळं सांगितलं. रडली.

“तुला असं करायचंय का?”

“न्हाई! मरंन पण न्हाई!”

“म्हणूनच हा विचार तुला एवढा छळतो. हा ओसीडी आहे. नको तेच विचार पुन्हापुन्हा येण्याचा आजार आहे, पाप नाही.”

मॅडम मग दर आठवड्याला शाळेत यायच्या. त्यांनी आजीला बोलावून नीट समजावलं. आई-पप्पांना सांगायला मात्र करिष्माचा धीर होईना. करिष्माला श्वासाकडे बघायला शिकवलं. विचार आला तर हाकलायचा नाही, त्याच्याशी भांडायचं नाही. ‘हा विचार आला’ एवढंच म्हणायचं. आणि ‘देवा नको’ म्हणायचं नाही. बाप रे, तेच सगळ्यात अवघड!

आज पप्पा अंगणात कोयत्याला धार लावत होते. खर्र, खर्र. एरवी ती शेजारच्या घरी पळाली असती. आज उंबऱ्यावर बसून राहिली. विचार आला. ‘देवा नको’ जिभेच्या टोकावर आलं. तिनं ते म्हटलं नाही. कानसीचा आवाज ऐकला. श्वास आत, श्वास बाहेर.

तेवढ्यात चिखलाच्या पायांनी सत्यम पळत आला आणि धपकन तिच्या मांडीवर बसला.

पप्पांचा हात थांबला. आई चुलीपुढून उठली.

करिष्मानं त्याला ढकललं नाही. विचार तिथंच होता. सत्यमही तिथंच होता. दोन्ही एकाच वेळी! त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. केवढं जड झालं होतं पोर, तिला ठाऊकच नव्हतं. तिचे हात त्याच्या पोटाभोवती आपोआप गुंफले गेले. ते फक्त हात होते, बहिणीचे.

“आई, पप्पा, हितं बसा,” ती म्हणाली. “मी ह्याला कावून शिवत नव्हते ते आज सांगते. समदं ऐका, आन् मग ह्याला माझ्यापाशी ठेवून जावा.”